एका अग्निबाणाचे दोन करताना

दिवाळीच्या रात्री विदर्भातील नांदुऱ्याच्या गल्लीबोळांतून शोभेच्या दारूचे बाण फुत्कार टाकीत आकाशात शिरतात, तेव्हा मान वर करून त्यांच्याकडे पाहणाऱ्या मुलांपैकी एखाद्याच्या मनात हा प्रश्न हमखास उभा राहतो की, ह्याच नळीत दुप्पट दारू भरली असती, तर हा बाण दुप्पट उंच गेला असता काय? प्रश्न रास्त आहे. बैलगाडीत दुप्पट कापूस भरला की बाजारात दुप्पट दाम मिळतो, तर बाणाच्याच बाबतीत हा हिशेब का लागू पडू नये, हे प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. परंतु दारू वाढली की नळी वाढते, नळी वाढली की वजन वाढते, आणि वाढलेले ते वजन उचलण्यातच वाढीव दारूचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. ह्या अडचणीतून मनुष्याने जी वाट काढली, तीच चंद्रापर्यंत जाऊन पोहोचली. आणि पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख व कारखान्यात तयार झालेली लहानशी मोटार एवढ्या सामग्रीच्या छोट्या अग्निबाणावरही ती जशीच्या तशी पडताळून पाहता येते.

अशा छोट्या, प्रतिकृतीवजा अग्निबाणांचा छंद अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात रूढ झाला. ऑरव्हिल कार्लाईल ह्या नेब्रास्का प्रांतातील पादत्राणांच्या दुकानदाराने अशा अग्निबाणाचा सुरक्षित आराखडा १९५४ च्या सुमारास सिद्ध केला आणि जी. हॅरी स्टाईन ह्या तंत्रज्ञ लेखकाने १९५७ पासून त्याचा प्रसार केला. मुलांनी स्वतः दारू कुटून बोटे गमावू नयेत, हा त्या दोघांचा मुख्य हेतू होता. सामान्य आकाराचा असा एक टप्प्याचा अग्निबाण सुमारे ३०० मीटर उंच जाऊ शकतो. नांदुऱ्यात महामार्गालगत उभी असलेली १०५ फुटांची हनुमानाची मूर्ती डोळ्यांसमोर आणली, तर तिच्या नऊपटीहून अधिक ही उंची भरते.

दारूचा भार दारूनेच वाहायचा

अग्निबाण पुढे जातो तो मागे काहीतरी फेकून. मोटारीतील इंधन जळून निर्माण होणारे वायू एका अरुंद तोटीतून प्रचंड वेगाने बाहेर पडतात आणि जेवढा संवेग ते मागे नेतात, तेवढाच पुढे जाणाऱ्या नळीच्या पदरात पडतो. काळ्या दारूच्या छोट्या मोटारीत ह्या वायूंचा वेग सेकंदाला ८०० मीटरांच्या आसपास असतो. येथपर्यंत सर्व सोपे आहे. मेख पुढे आहे. फेकल्या जाणाऱ्या प्रत्येक ग्रॅमचा लाभ त्या क्षणी उरलेल्या सर्व वजनात वाटला जातो. म्हणून जळण्यापूर्वीचे एकूण वजन आणि जळून झाल्यानंतरचे वजन ह्यांच्या गुणोत्तरावर अग्निबाणाचा वेग ठरतो, आणि तोही सरळ प्रमाणात वाढत नाही, तर लघुगणकाच्या मंद गतीने वाढतो. कॉन्स्टांटिन त्सिओल्कोव्स्की ह्या रशियन शिक्षकाने १९०३ साली हे सूत्र प्रसिद्ध केले.

सूत्राला भिण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष आकडे घेऊन जमाखर्च मांडू. समजा, आपल्या जुन्या अग्निबाणाचे इंधन वगळता वजन ५० ग्रॅम आहे आणि त्यात ११ ग्रॅम इंधन आहे. हवेचा अडथळा व गुरुत्वाकर्षण तूर्त बाजूला ठेवले, तर ६१ ग्रॅमांवरून ५० ग्रॅमांवर येताना त्याला सेकंदाला सुमारे १५९ मीटर वेग मिळतो. आता त्याच्या बुडाशी आणखी एक तसलीच मोटार जोडली, तिच्यासाठी नळी आणि पंख लावले, आणि ह्या नव्या भागाचे वजन इंधनाविना २५ ग्रॅम व इंधन ११ ग्रॅम झाले असे धरू. एकूण वजन ९७ ग्रॅम. दोन्ही मोटारी जळाल्या आणि नवा भाग शेवटपर्यंत चिकटूनच राहिला, तर अंती वेग २०६ मीटर होतो. म्हणजे इंधन दुप्पट केले आणि पदरात पडली ती केवळ ४७ मीटरांची वाढ. परंतु पहिली मोटार विझताच ते २५ ग्रॅमांचे रिकामे कवच गळून पडले, तर पहिल्या टप्प्याचे ९६ आणि दुसऱ्याचे पूर्वीचेच १५९ मिळून २५५ मीटर वेग होतो. तीच दारू, त्याच मोटारी. मेलेले वजन वेळीच सोडून दिले, एवढ्या एका तजविजीने दुसऱ्या मोटारीचा लाभ दुपटीवर गेला. हवा नसेल तर उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून एकट्या अग्निबाणाच्या मानाने ही दोन टप्प्यांची जोडी अडीचपट उंच गेली असती. प्रत्यक्षात हवा ह्यातला बराच वाटा वसूल करते, तरीही शिल्लक भरघोस राहते.

मुंबईहून नांदुऱ्याकडे येणाऱ्या आगगाडीला कसाऱ्यास पाठीमागून आणखी इंजिने जोडतात, हे ह्या मार्गावरील प्रवाशांना ठाऊक आहे. कसारा ते इगतपुरी ह्या थळघाटात दर ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, आणि तेवढ्या चढापुरतेच ह्या बँकर इंजिनांचे काम. इगतपुरीस ती सोडून दिली जातात. ती तशीच पुढे भुसावळपर्यंत वागवायची म्हटले, तर त्यांचेच ओझे गाडीच्या बोकांडी बसेल. अग्निबाणाचा पहिला टप्पा हा असा बँकर आहे. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की इगतपुरीस गाडी उभी राहते, माणसे खाली उतरून जोड सोडवितात. आमच्या अग्निबाणाला मात्र ताशी अडीचशे किलोमीटरांच्या आसपास धावत असताना, कोणाचाही हात न लागता, सेकंदाच्या अल्पांशात हा सोडविण्याचा विधी उरकावा लागतो.

जोडणीची खरी कळ

एक टप्प्याच्या अग्निबाणाचे रूपांतर करताना जुना अग्निबाण मोडावयाचा नसतो. तो आहे तसा वरचा टप्पा होतो, आणि त्याच्या खाली एक आखूड, पंख असलेली, नाक नसलेली नळी नव्याने करावयाची असते. ही नळी वरच्या नळीत एका जोडनळीच्या आधाराने सरकून बसते; ती इतकी घट्ट नसावी की सुटणारच नाही, आणि इतकी सैलही नसावी की उड्डाणात डगमगेल. हाताने उचलले असता खालचा टप्पा आपल्या वजनाने हळूच निसटावा, ही जुन्या छंदिष्टांची कसोटी मला रास्त वाटते.

> चौकट : मोटारीवरील अक्षरे कशी वाचावीत
> छोट्या मोटारीवर ‘सी६-७’ असे काहीतरी छापलेले असते. पहिले अक्षर मोटारीचा एकूण आवेग, म्हणजे जोर आणि तो टिकण्याचा काळ ह्यांचा गुणाकार, सांगते. ‘ए’ वर्गाची मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, ‘बी’ची ५, ‘सी’ची १०, ‘डी’ची २०, प्रत्येक अक्षरागणिक मर्यादा दुप्पट होते. मधला आकडा न्यूटनमधील सरासरी जोर दाखवितो. शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यापासून हवाई छत्री बाहेर ढकलणारा लहान स्फोट होईपर्यंतची सेकंदांची मुदत. हा आकडा शून्य असेल, तर त्या मोटारीत ही मुदतही नसते आणि छत्री ढकलणारी दारूही नसते. ती केवळ खालच्या टप्प्यासाठी घडविलेली असते.

ह्या शून्यातच दोन टप्प्यांची सारी युक्ती दडलेली आहे. सामान्य मोटारीत इंधनाच्या वर मंद जळणारा एक थर असतो आणि त्याच्यावर छत्री ढकलणारी दारू. शून्याच्या मोटारीत ह्या दोन्ही थरांना फाटा दिलेला असल्यामुळे तिचे इंधन वरच्या टोकापर्यंत उघडेच असते. इंधन जळत जळत अगदी पातळ पापुद्र्यासारखे उरले, की आतील दाब त्या पापुद्र्याला फोडतो, आणि तप्त वायू व इंधनाचे पेटते कण वरच्या दिशेने उसळतात. तेथे, अगदी समोरच, वरच्या मोटारीची तोटी उघडी असते. एखादा कण आत शिरला की ती मोटार पेटते. हे सर्व जिच्या जोरावर चालते ती पेटती ठिणगी सहज पकडण्याची काळ्या दारूची वृत्ती होय. अमोनियम परक्लोरेटयुक्त संमिश्र इंधनाच्या मोटारी अशा ठिणगीला दाद देत नाहीत. त्यांना विजेचा पेटवण आणि तो योग्य क्षणी चालविणारे इलेक्ट्रॉनिक मंडल लागते.

येथे एक विरोध उत्पन्न होतो. जो दाब पेटते कण वर नेतो, तोच दाब दोन्ही टप्प्यांना एकमेकांपासून दूर ढकलू पाहतो. ढकलणे आधी झाले आणि पेटणे मागे राहिले, तर वरचा टप्पा न पेटताच खाली येतो. त्याची छत्रीही उघडत नाही, कारण छत्रीची दारू त्याच न पेटलेल्या मोटारीत बंद असते, आणि टोकदार नाक पुढे करून तो सरळ जमिनीत घुसतो. म्हणून दोन्ही मोटारींची तोंडे एकमेकांस भिडवून त्यांच्याभोवती पारदर्शक चिकटपट्टीचा एक वेढा देतात. वरची मोटार पेटेपर्यंत पट्टी दोघींना धरून ठेवते. पेटताच वरच्या मोटारीचा झोत पट्टी जाळतो, तोडतो आणि खालच्या टप्प्याला दूर भिरकावून देतो. एका पट्टीवर एवढा भरवसा ठेवणे धाडसाचे वाटेल, परंतु तिचा एक वेढा पुरतो आणि चार वेढे घातक ठरतात. कारण पट्टी सुटलीच नाही, तर वरची मोटार खालच्या नळीतच जळत राहते.

कधी कधी रचनेच्या सोयीसाठी दोन मोटारींमध्ये अंतर ठेवावे लागते. मग त्या पोकळीतील थंड हवा आडवी येते. पापुद्रा फुटताच तप्त वायू ह्या हवेला वर दाबतात, दबलेली हवा वरच्या टप्प्याला उशीप्रमाणे ढकलून मोकळी होते, आणि पेटते कण तोटीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच दोघांची ताटातूट होते. ह्यावरचा इलाज फार साधा आहे: पोकळीच्या वरच्या टोकाशी, वरच्या मोटारीच्या अगदी खाली, नळीला लहान भोके पाडावयाची. अडकलेली हवा तेथून निघून जाते आणि तिच्या मागोमाग येणारा अग्नी तोटीपर्यंत जाऊन पोहोचतो. तीच भोके खालच्या टोकाशी पाडली, तर मात्र हवा जागीच राहते आणि अग्नीच बाहेर निघून जातो.

तोल बिघडतो तो कोठे

पेटण्याचे कोडे सुटले, की नवशिक्याला काम फत्ते झाल्यासारखे वाटते. माझ्या मते खरी परीक्षा तेथून सुरू होते. अग्निबाण सरळ जाण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर तो बोटावर समतोल राहतो तो बिंदू, पुढे असावा लागतो. आणि वायुदाबकेंद्र, म्हणजे बाजूने येणाऱ्या हवेचा सारा जोर जेथे एकवटल्यासारखा वागतो तो बिंदू, त्याच्या मागे असावा लागतो. ह्या दोहोंत निदान नळीच्या व्यासाएवढे अंतर हवे. मग नाक भरकटले, तर हवा शेपटीला ढकलून ते पुन्हा वाटेवर आणते. क्रम उलटा झाला, तर तीच हवा त्या भरकटण्याला खतपाणी घालते आणि अग्निबाण हवेत कोलांट्या घेऊ लागतो.

आता पाहा. ४५ सेंटिमीटर लांबीच्या, ६१ ग्रॅमांच्या आमच्या अग्निबाणाचा गुरुत्वमध्य नाकापासून २८ सेंटिमीटरवर आहे असे धरा. त्याच्या मागे ३६ ग्रॅमांचा नवा टप्पा जोडला. त्याचा स्वतःचा गुरुत्वमध्य नाकापासून ५२ सेंटिमीटरवर पडतो. दोहोंचा मिळून गुरुत्वमध्य काढला, तर तो जवळजवळ ३७ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे एका झटक्यात नऊ सेंटिमीटर मागे सरकतो. जुने पंख ह्या नव्या मध्याच्या मागे फारसे उरत नाहीत. म्हणून खालच्या टप्प्याचे पंख वरच्यापेक्षा मोठे करावे लागतात. दोन टप्प्यांच्या अग्निबाणांच्या चित्रांत बुडाशी दिसणारे ते रुंद पंख शोभेसाठी नसतात.

आणि कसोटी एकदा घेऊन भागत नाही. संपूर्ण जोडी स्थिर हवीच, पण खालचा टप्पा गळाल्यावर उरणारा वरचा टप्पाही एकट्याने स्थिर हवा, कारण तो त्या क्षणी भर वेगात असतो आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलविणारा धक्का बसलेला असतो. दोन्ही अवस्थांत, मोटारी आत बसवून, गुरुत्वमध्यावर दोरी बांधावी आणि मोकळ्या जागेत अग्निबाण डोक्याभोवती गरगर फिरवावा. नाक पुढे करून तो फिरत राहिला, तर स्थिर. आडवा झाला किंवा शेपूट पुढे करू लागला, तर पंख वाढविले पाहिजेत किंवा नाकात थोडे वजन घातले पाहिजे. खालच्या टप्प्याच्या बाबतीत मात्र नेमके उलटे हवे. एकटा पडल्यावर त्याने अस्थिरच असावे. म्हणजे तो गटांगळ्या खात, हवेचा अडथळा सोसत, सावकाश खाली येतो आणि त्याला छत्री लागत नाही.

पहिल्या मोटारीचा जोरही तपासून पाहावा. तिने एकूण वजनाच्या निदान पाचपट जोर दिला, तरच लोखंडी सळईच्या आधाराने निघालेला अग्निबाण सळई सोडताना पंखांना हवेची पकड मिळण्याइतका वेग घेतो. आमच्या ९७ ग्रॅमांचा भार सुमारे ०.९५ न्यूटन होतो. सहा न्यूटन जोराची मोटार ह्या हिशेबात बसते, पण फार ऐसपैस नाही.

वाकडी वाट आणि काळे शेत

दोन टप्प्यांच्या अग्निबाणात मला सर्वाधिक धास्ती वाटते ती वाऱ्याची. पंख असलेली वस्तू वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते. एक टप्प्याचा अग्निबाण थोडा कलला, तर त्याची मोटार तोवर विझत आलेली असते. येथे मात्र पहिला टप्पा संपेपर्यंत अग्निबाण वीस अंश कलला असेल, तर दुसरी मोटार इमानेइतबारे त्याच कललेल्या दिशेने सगळा जोर लावते. ह्या वाटेवर ३०० मीटर अंतर तोडले, तर त्यातले १०० मीटर आडवेच गेलेले असतात. म्हणून वारा पडलेला असेल तेव्हाच असे उड्डाण करावे. वरच्या मोटारीची मुदतही लांब हवी, कारण वेग अधिक असल्याने तिला शिखर गाठण्यास अधिक सेकंद लागतात, आणि भर वेगात छत्री उघडली तर तिच्या चिंध्या होतात.

पूर्णेच्या खोऱ्यातील नांदुऱ्याच्या भोवतालची सपाट काळी जमीन ह्या कामाला दुरून फार योग्य दिसते, आणि हिवाळ्यातील पहाटे तेथे वारा मंदही असतो. परंतु कापूस वेचून झालेल्या शेतात पऱ्हाटी वाळून उभी असते, बांधावर गवत करपलेले असते, खळ्याशेजारी कुटाराचे ढीग आणि कडब्याच्या गंज्या रचलेल्या असतात. आणि गटांगळ्या खात खाली येणारा पहिला टप्पा अजून तापलेला असतो. तो उड्डाणाच्या जागेच्या आसपासच पडतो, हे त्यातल्या त्यात सुदैव. नांगरट झालेले उघडे शेत निवडावे, पाणी व ओले पोते हाताशी ठेवावे, आणि लोहमार्ग, महामार्ग व उच्च दाबाच्या विजेच्या तारा ह्यांपासून शेत चांगले दूर असावे.

कायद्याचा बंदोबस्तही आधी करावा लागतो. १८८४ च्या स्फोटक अधिनियमान्वये परवान्यावाचून स्फोटके तयार करता येत नाहीत. त्यामुळे घरी दारू कुटून मोटारी भरणे हा जिवाशी खेळ आहेच, शिवाय गुन्हाही आहे. स्फोटकांच्या परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य दप्तर नागपुरात, म्हणजे विदर्भातच आहे. तयार मोटारी, परवाना आणि जाणकार वडीलधारी माणसे ह्या तिन्ही गोष्टी जमल्याखेरीज वात पेटवू नये.

थुंब्याच्या किनाऱ्यावर तेच गणित

दोन टप्पे एकावर एक ठेवण्याची कल्पना मोठ्या प्रमाणावर कसाला लागली ती २४ फेब्रुवारी १९४९ रोजी. अमेरिकेत जर्मन व्ही-२ अग्निबाणाच्या नाकावर वॅक कॉर्पोरल हा सडपातळ अग्निबाण बसवून सोडला, आणि तो सुमारे ३९० किलोमीटर उंच गेला. व्ही-२ एकटा दीड-दोनशे किलोमीटर जाई, दुसरा सत्तर-ऐंशी. दोघांची बेरीज केली तरी ती ह्या उंचीच्या बरीच खाली राहते.

भारतातून अवकाशाच्या दिशेने झेपावलेला पहिला अग्निबाण, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंब्याहून सुटलेला अमेरिकन नाईक-अपाची, हाही दोन टप्प्यांचाच होता. त्यात एक शिकण्याजोगी बाब आहे. खालचा जाड नाईक साडेतीन सेकंदांत जळून जातो, आणि रिकामा झाल्यावर त्याच्या रुंद अंगावर व मोठ्या पंखांवर हवा इतकी अडते की तो आपणहून मागे पडतो. अपाची मात्र लगेच पेटत नाही; उड्डाणानंतर सुमारे वीस सेकंदांपर्यंत तो मुकाट्याने वर सरकत राहतो, आणि खालची दाट हवा ओलांडल्यावरच आपले इंधन जाळतो. दाट हवेत मिळविलेला वेग हवाच लुटून नेते, हे ओळखून केलेली ही प्रतीक्षा आहे. आमच्या ठिणगीवर पेटणाऱ्या छोट्या जोडीला ही सोय नाही. तिचा दुसरा टप्पा वाट पाहू शकत नाही.

२० नोव्हेंबर १९६७ रोजी भारतीय बनावटीचा पहिला रोहिणी अग्निबाण उडाला. त्याचे नाव आरएच-७५, म्हणजे ७५ मिलिमीटर व्यासाचा, आणि टप्पा एकच. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर त्याच वर्षी इंग्लंडहून परतून थुंब्यास रुजू झाले आणि घन इंधनाच्या संशोधनाची धुरा त्यांनी उचलली. एकाच टप्प्याच्या त्या बाणापासून निघालेल्या कुळातला आरएच-२०० हा दोन टप्प्यांचा अग्निबाण हवामानाच्या अभ्यासासाठी सुमारे ७० ते ८० किलोमीटरपर्यंत जातो. गोवारीकर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक असताना, १८ जुलै १९८० रोजी, चार टप्प्यांच्या एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. उड्डाणापूर्वी त्या वाहनाचे वजन १७ टन होते आणि कक्षेत पोहोचलेला उपग्रह अवघा ३५ किलोग्रॅमांचा. बाकी सर्व वाटेत जाळले वा टाकून दिले. त्याच्याआधी १० ऑगस्ट १९७९ चे उड्डाण फसले होते ते दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील बिघाडामुळे. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्हीच्या घन मोटारींची कवचे घडतात, तेव्हा त्यांत हेच पाहिले जाते की दाब सोसण्याइतके बळकट राहूनही कवच किती हलके करता येईल, कारण टाकून देण्यापूर्वी ते वाहून न्यावेच लागते.

मग दहा टप्पे का करू नयेत, असा प्रश्न कोणी विचारील. प्रत्येक टप्पा दहांपैकी नऊ वेळा बिनचूक चालतो असे मानले, तर दोन टप्पे शंभरांपैकी ८१ वेळा आणि चार टप्पे केवळ ६६ वेळा यशस्वी होतील. जोड जितके अधिक, तितक्या फसण्याच्या जागा अधिक. ह्या पार्श्वभूमीवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दोन टप्प्यांच्या आरएच-२०० ने सलग दोनशेवे यशस्वी उड्डाण केले, त्यामागची चिकाटी माझ्या दृष्टीने कोणत्याही उंचीच्या विक्रमापेक्षा मोठी आहे.

नांदुऱ्यातील एखाद्या शाळेला ह्या वाटेने जावयाचे असेल, तर मोटारीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मोटारीच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत तितक्याच वजनाची माती भरून त्या दोन्ही टप्प्यांत बसवाव्यात, बोटावर तोलून गुरुत्वमध्य काढावा, त्यावर दोरी बांधून पटांगणात जोडी फिरवून पाहावी, मग खालचा टप्पा काढून वरचा एकटा फिरवावा, आणि पंखांचा आकार दोन्ही वेळा नाक पुढे राहीपर्यंत बदलत जावा. ह्या कामाला ना परवाना लागतो, ना अग्नी.